वरच्या फळीवरची चक्कर

फ्लुइड मेकॅनिक्समधला स्टोक्सचा नियम आठवतोय? चिकट द्रवात बारीक गोळी सोडली तर ती किती वेगानं तळाला जाईल, हे सांगणारा. आपण तो पाठ केला, उंच नळीतल्या तेलात छर्रे सोडून स्टॉपवॉच दाबलं, जर्नलवर सही घेतली आणि विसरलो. तो पुन्हा कुठे भेटेल असं मला अजिबात वाटलं नव्हतं. तो भेटला माणसाच्या कानात! आणि त्याच्यामागे चक्कर या विषयावरच्या संशोधनाची एक अशी गोष्ट सापडली, की ती आपल्या ब्रँचच्या मुलांनी वाचलीच पाहिजे असं वाटलं.

आधी बसल्या जागी एक प्रयोग करा. हे मासिक डोळ्यांसमोर धरा आणि डावीकडे-उजवीकडे भराभर हलवा. अक्षरं पुसट होतात, वाचता येत नाही. आता मासिक स्थिर ठेवा आणि तेवढ्याच वेगानं मान ‘नाही, नाही’ अशी हलवा. (शेजारचा बघत असेल तर बघू दे.) वाचता येतंय ना? डोळा आणि कागद यांच्यातली हालचाल दोन्ही वेळी सारखीच होती. मग फरक कसला? मान हलली की आतला कान डोळ्यांच्या स्नायूंना लगेच कळवतो, की डोकं उजवीकडे निघालंय, तुम्ही डावीकडे फिरा. त्यामुळे चित्र जागेवर राहतं. मासिक हलवताना कानाला काही कळत नाही, आणि एकट्या डोळ्यांना तो वेग झेपत नाही.

हे काम करणारा भाग म्हणजे सेमिसर्क्युलर कॅनाल. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे याला मराठीत ‘अर्धवर्तुळाकार नलिका’ म्हणतात हे मला मराठी मीडियमच्या मावसभावाकडून कळलं. नाव ऐकून घाम फुटतो, पण वस्तू सोपी आहे. प्रत्येक कानात अशा तीन नळ्या, जवळजवळ एकमेकींना काटकोनात, म्हणजे आपले एक्स, वाय, झेड. प्रत्येकीची त्रिज्या सुमारे ३ मिलिमीटर, आत पाण्यासारखा द्रव. डोकं फिरलं की नळी फिरते, पण आतला द्रव इनर्शियामुळे मागे राहतो. नळीचा एक भाग फुगीर असतो, तिथे जेलीसारखा एक पडदा आडवा बसवलेला असतो. मागे राहिलेला द्रव त्याला ढकलतो, पडदा वाकतो, त्याच्या मुळाशी असलेल्या पेशी मेंदूला सिग्नल पाठवतात. थोडक्यात, हा जायरोस्कोप झाला. त्याच्या शेजारीच दुसरा एक सेन्सर आहे. चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे हजारो बारीक खडे पसरलेले, डोकं कललं की त्यांच्या वजनानं तो थर सरकतो. म्हणजे अ‍ॅक्सेलरोमीटर. आपल्या मोबाइलमध्ये हे दोन्ही सेन्सर असतात.

आता डिझाइनमधली खुबी बघा. जायरोस्कोपला फक्त फिरणं कळावं, गुरुत्वाकर्षण कळू नये, म्हणून त्या जेलीच्या पडद्याची घनता आजूबाजूच्या द्रवाइतकीच ठेवली आहे. तो बुडतही नाही, तरंगतही नाही. पण वयामुळे, डोक्याला मार लागल्यामुळे, किंवा काही वेळा कारण न कळताच, अ‍ॅक्सेलरोमीटरमधले काही खडे सुटतात आणि जायरोस्कोपच्या नळीत जाऊन पडतात. बहुतेक वेळा मागच्या नळीत, कारण उभ्या माणसात तीच सगळ्यांत खाली असते. मग काय होणार? माणूस आडवा झाला की खडे नळीतून घरंगळतात, द्रवाला ढकलतात, पडदा वाकतो आणि मेंदूला खबर जाते की डोकं गरागरा फिरतंय. डोकं तर उशीवर शांत पडलेलं असतं! डोळे बिचारे कानाचं ऐकून फिरायला लागतात आणि अख्खी खोली भिंगरीसारखी फिरते.

या आजाराचं नाव बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो, डॉक्टरांच्या भाषेत बीपीपीव्ही. बिनाइन म्हणजे जिवाला धोका नसलेला, पॅरॉक्सिस्मल म्हणजे झटक्यानं येणारा, पोझिशनल म्हणजे डोक्याची स्थिती बदलल्यावर येणारा. कुशीवर वळताना, आंथरुणातून उठताना, किंवा फडताळाच्या वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली की येणारा. जर्मनीत झालेल्या एका पाहणीत आयुष्यात कधी ना कधी हा त्रास झालेल्या लोकांचं प्रमाण २.४ टक्के निघालं. आपल्या तीन डिव्हिजन मोजल्या तर त्यातल्या चार-पाच जणांना पुढेमागे हे होणार.

मला हे सगळं वाचावंसं वाटलं ते माझ्या आजीमुळे. ती कराडला असते. तिला चक्कर यायची तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढला, मणक्याची झीज दिसली (त्या वयात ती बहुतेकांची दिसते), आणि गळ्याला पट्टा आला. सोबत चक्करच्या गोळ्या. हे चार वर्षं चाललं. हळूहळू तिनं वरच्या फळीवरचे डबे खाली आणले, मग एकटीनं भाजीला जाणं सोडलं, मग देवळातलं कीर्तन सोडलं. पडायची भीती तिला चक्करेपेक्षा जास्त होती. आम्हाला घरी वाटायचं, वय झालं. शेवटी सांगलीच्या एका तरुण कान-नाक-घसा डॉक्टरांनी तिला विचारलं, “आजी, गरगरतं, का डोळ्यांपुढे अंधारी येते, का नुसता तोल जातो?”

हा प्रश्न मला फार आवडला. इंग्रजीत सगळ्याला डिझी म्हणून मोकळं होता येतं. आपल्याकडे तीन वेगळे शब्द तयार आहेत, आणि ढोबळमानानं त्यांची कारणंही वेगळी असतात. गरगरणं बहुधा कानाचं, अंधारी बहुधा रक्तदाबाची, नुसता तोल जाणं पायांच्या नसांपासून मेंदूपर्यंत कशाचंही. आजी म्हणाली, “गरगरतं. पण कूस बदलली की मगच. आणि मिनिटभरात थांबतं बघा.” निम्मं निदान तिथेच झालं.

उरलेलं निम्मं एका टेस्टनं होतं. मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक या लंडनच्या दोन डॉक्टरांनी ती १९५२ मध्ये नीट लिहून ठेवली. त्याआधी १९२१ मध्ये रॉबर्ट बाराणी यांनी या प्रकारच्या चक्करेचं वर्णन केलं होतं. (हे तेच बाराणी, ज्यांना १९१४ चं नोबेल जाहीर झालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.) टेस्ट अशी: पेशंटला टेबलावर बसवायचं, मान ४५ अंश एका बाजूला वळवायची, आणि त्याच स्थितीत झटकन मागे झोपवायचं, डोकं टेबलाच्या कडेखाली थोडं लोंबतं ठेवून. मग फक्त डोळे बघायचे. खडे त्या बाजूच्या नळीत असतील तर काही सेकंद काहीच होत नाही, मग डोळे विशिष्ट दिशेला झटके देत फिरायला लागतात, आणि मिनिटाच्या आत थांबतात. मशीन लागत नाही, रिपोर्टची वाट बघावी लागत नाही. आणि पेशंट काय सांगतो यावर रिझल्ट अवलंबून नाही, कारण डोळ्यांचे ते झटके मुद्दाम आणता येत नाहीत. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खड्यांची कल्पना मात्र एकदम कुणाला सुचली नाही. हॅरॉल्ड शुकनेक्ट या अमेरिकन डॉक्टरांनी असा त्रास असलेल्या माणसांची कानाची हाडं मृत्यूनंतर तपासली. मागच्या नळीच्या पडद्याला कण चिकटलेले त्यांना दिसले, आणि १९६९ मध्ये त्यांनी थिअरी मांडली की पडदा जड झाल्यामुळे चक्कर येते. ऐकायला बरोबर वाटतं. पण जरा विचार करा. पडदाच जड झाला असेल, तर डोकं त्या स्थितीत असेपर्यंत तो वाकलेलाच राहणार, म्हणजे चक्कर थांबायलाच नको. ती तर मिनिटाच्या आत थांबते! शिवाय सुरुवातीला काही सेकंद येतच नाही. मग १९७९ मध्ये दुसरी थिअरी आली की कण चिकटलेले नसून द्रवात सुटे फिरतात. ते घरंगळत असतात तोवर चक्कर, तळाला बसले की बंद. १९९२ मध्ये कॅनडातल्या पार्न्स आणि मॅक्ल्यूर या सर्जननी ऑपरेशनमध्ये नळी उघडली, तेव्हा असे सुटे कण प्रत्यक्ष दिसले. हो, त्या काळी न थांबणाऱ्या चक्करेवर ऑपरेशन करून ती नळी बंद करत किंवा तिची नस कापत. कानाचं नाजूक ऑपरेशन, त्यात ऐकू येणं जायचा धोका.

अमेरिकेतल्या पोर्टलंडचे डॉक्टर जॉन एपली यांनी या सुट्या कणांचा विचार प्लंबरसारखा केला. खडे नळीत गेले आहेत ना? मग नळी अशा क्रमानं फिरवू, की ते गुरुत्वाकर्षणानंच गडगडत दुसऱ्या तोंडातून बाहेर पडतील. नळी कवटीत बसवलेली, म्हणून कवटी फिरवायची! डिक्स-हॉलपाइकच्या स्थितीत झोपवायचं, चक्कर थांबेपर्यंत थांबायचं. मग मान ९० अंश दुसऱ्या बाजूला. थांबायचं. मग अंग त्याच बाजूला कुशीवर, नाक जमिनीकडे. थांबायचं. मग उठवून बसवायचं. काचेखाली छर्रे असलेला भुलभुलैयाचा खेळ लहानपणी खेळलात ना? तोच. १९८० च्या सुमारास त्यांनी ही पद्धत इतर डॉक्टरांना दाखवायला सुरुवात केली, तेव्हा बऱ्याच जणांनी थट्टा केली. डोकं इकडेतिकडे फिरवून आजार बरा होतो म्हणे!

मला स्वतःला पटेना म्हणून मी मॉडेल केलं. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी घेतली, पाणी भरलं, आणि हॉस्टेलच्या मेसमधून आणलेल्या अंड्याच्या कवचाचा धुऊन कुटलेला चुरा आत सोडला. कवच मुद्दाम घेतलं, कारण अंड्याचं कवच आणि कानातले खडे दोन्ही कॅल्साइटच. नळीचा गोल करून तो पुठ्ठ्याच्या डोक्यावर चिकटवला आणि एपलीच्या पायऱ्या केल्या. चुरा खरंच टप्प्याटप्प्यानं पुढे सरकतो. घाई केली तर मात्र निम्म्यातून मागे येतो.

इथे स्टोक्सचा नियम आला. कानातला खडा साधारण १५ मायक्रॉनचा धरा, घनता पाण्याच्या २.७ पट. सूत्रात घातलं की वेग येतो सेकंदाला सुमारे ०.२ मिलिमीटर. नळीची त्रिज्या ३ मिलिमीटर, म्हणजे ९० अंशांचा चाप झाला जवळपास ५ मिलिमीटर. पाच भागिले ०.२ म्हणजे २५ सेकंद! डॉक्टर प्रत्येक स्थितीत अर्धा ते एक मिनिट थांबतात, ते का हे मला त्या दिवशी कळलं. खडा भिंतीला लागून घासत जातो, तेव्हा त्याला यापेक्षाही वेळ लागणार. टॉड स्क्वायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हे गणित माझ्यापेक्षा शंभरपट नीट करून छापलंय. सुरुवातीचे ते चक्कर न येणारे काही सेकंद कुठून येतात, याचंही उत्तर त्यांनी दिलंय. तेव्हा खडे फुगीर भागातून पडत असतात, तिथे दाब जवळजवळ निर्माणच होत नाही. अरुंद नळीत शिरले की सिरिंजच्या दट्ट्यासारखं काम सुरू. त्यांच्या पेपरच्या नावातही वरच्या फळीची चक्कर आहे, मी माझं शीर्षक तिथूनच घेतलं.

एवढं झाल्यावर आपल्यासारख्यांना वाटतं, झालं की सिद्ध! थिअरी बरोबर, मॉडेल चालतंय, गणित जुळतंय. एपलींनी १९९२ मध्ये पेपर छापला, त्यात ३० पेशंट होते आणि तीसच्या तीस जणांची ती विशिष्ट चक्कर गेली होती. शंभर टक्के. अजून काय पाहिजे?

अजून बरंच पाहिजे. हा आजार कित्येकांचा काही न करताही काही आठवड्यांत बरा होतो. मग तीस जण एपलीमुळे बरे झाले, का वेळेमुळे? का डॉक्टरांनी आपुलकीनं डोकं हातात धरलं म्हणून? हे कळायला तुलनेसाठी दुसरा गट पाहिजे, आणि कोण कुठल्या गटात जाईल हे नाणं टाकून ठरवल्यासारखं ठरलं पाहिजे. १९९४ मध्ये झालेल्या अशा एका चाचणीत तर दोन गटांत फरकच दिसला नाही. १९९५ च्या दुसऱ्या चाचणीत ३६ पेशंट होते. महिन्यानं डिक्स-हॉलपाइक केली, तेव्हा खरी एपली झालेल्यांपैकी ८९ टक्क्यांची टेस्ट स्वच्छ होती आणि लटका उपचार झालेल्यांपैकी २७ टक्क्यांची. पण गोळीची प्लासिबो साखरेची करता येते, डोकं फिरवण्याची प्लासिबो कशी करणार? पेशंटला कळणारच ना की आपल्याला काहीतरी वेगळं केलं!

याचं सगळ्यांत देखणं उत्तर मला वाटतं फॉन ब्रेव्हर्न यांच्या २००६ च्या चाचणीत आहे. त्यांनी दुसऱ्या गटालाही तंतोतंत एपलीच केली, फक्त चुकीच्या कानाची! खडे उजव्या कानात असतील तर डाव्याची. तेवढीच हालचाल, तेवढाच वेळ, डॉक्टरांचे तेच हात. आणि दुसऱ्या दिवशी डोळे तपासणाऱ्या डॉक्टरांना कुणाला काय केलंय हे माहीत नव्हतं. २४ तासांनी बरोबर कानाच्या ३५ पैकी २८ जणांचे डोळ्यांचे झटके बंद. चुकीच्या कानाच्या ३१ पैकी फक्त ३. हे आकडे वाचून मी अक्षरशः टेबलावर हात आपटला. आपुलकी, हातगुण, वाट बघणं, सगळं दोन्ही गटांत सारखं ठेवलं, आणि उरली ती फक्त भूमिती.

पुढच्या चाचण्यांनी उपचारातले फालतू पार्टही काढून टाकले. एपली कानामागच्या हाडावर व्हायब्रेटर लावत, तो नसला तरी चालतं असं दिसलं. नंतर दोन दिवस बसून झोपायचं बंधन असे, अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१७ च्या नियमावलीत ते घालू नका असं लिहिलंय. चक्कर दाबणाऱ्या गोळ्याही या आजारात सरसकट देऊ नका, हेही त्यातच आहे. गोळी खडे हलवत नाही, उलट काही गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर म्हाताऱ्या माणसांना कंपवातासारखा त्रास होतो.

मला अस्वस्थ करणारा भाग इथेच आहे. उपचाराला एक टेबल, दोन हात आणि पाच मिनिटं लागतात. पुरावा १९९५ पासून जमतोय, २०१४ च्या एका मोठ्या आढाव्यात ११ चाचण्या आणि ७४५ पेशंट आहेत. तरी आजीसारख्यांच्या गळ्यात पट्टा का? अमेरिकेत २००० साली छापलेल्या एका अभ्यासात दुसऱ्याच कामासाठी दवाखान्यात आलेले १०० वृद्ध तपासले, तर त्यातल्या ९ जणांना हा आजार होता आणि तो कुणी ओळखलेलाच नव्हता. ते इतरांपेक्षा जास्त पडत होते, जास्त उदास होते. त्यांना वाटत असणार, वय झालं. माझा अंदाज असा, की जी गोष्ट विकता येत नाही तिची आठवण डॉक्टरांना करून द्यायला कुणी बॅग घेऊन जात नाही. आमच्या सांगलीच्या डॉक्टरांना हे सांगितलं तर ते नुसते हसले.

एक सूचना मात्र गंभीरपणे. हे वाचून हॉस्टेलवर कुणाच्या आजोबांवर प्रयोग करू नका. कुठला कान, कुठली नळी हे डोळे बघून ठरवावं लागतं, मानेचा किंवा डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल तर जपावं लागतं. आणि चक्करेबरोबर बोलणं अडखळत असेल, दोन-दोन दिसत असेल, हात-पाय लुळा पडला असेल, किंवा अचानक प्रचंड डोकं दुखत असेल, तर तो कान नाही, मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा थेट हॉस्पिटल.

आजीला दुसऱ्या खेपेला आराम पडला. मी तिला खड्यांचं सगळं समजावलं, नळी दाखवली. ती म्हणाली, “खडे आहेत म्हणतेस, मग धुऊन का नाही काढत गं?” वर्षभरानं चक्कर परत आली. यात नवल नाही. त्या २०१४ च्या आढाव्यातही उपचारानंतर ३६ टक्क्यांना त्रास परत झाल्याचं दिलंय. यावेळी चार वर्षं नाही, चार दिवस गेले. तिनं स्वतःच डॉक्टरांना फोन केला, “खडे परत सांडलेत.”

हे परत सांडणं थांबवता येईल का, यावर आता काम चालू आहे. खडे कॅल्शियमचे, म्हणून संशय व्हिटॅमिन डीवर. २०२० मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी जवळपास साडेनऊशे पेशंटची चाचणी छापली. ज्यांचं व्हिटॅमिन डी कमी होतं त्यांना ते आणि कॅल्शियम दिलं, तर त्या गटात चक्कर परत येण्याचं प्रमाण माणशी वर्षाला ०.८३ वेळा होतं, दुसऱ्या गटात १.१०. म्हणजे साधारण पाव हिश्शानं कमी. पण दुसऱ्या गटाला प्लासिबो दिलेलीच नव्हती, आपण कुठल्या गटात आहोत हे पेशंटना ठाऊक होतं. चुकीच्या कानासारखं काही तिथे नव्हतं. आजीचं व्हिटॅमिन डी तपासलं, ते कमी निघालं. चक्करेचं पुढे काय होईल ते होईल, हाडांसाठी तरी गोळी चालू आहे.